तीन तारांभोवतीची कडी

ही आमच्या ह्यांच्या जिवाची गोष्ट आहे. पण सुरुवात मुरबाडच्या एका पत्र्याच्या शेडपासून करावी लागेल, कारण तो जीव ज्या कडीवर येऊन टेकला ती मी तिथं माझ्या हातांनी गुंडाळली होती. नव्वद सालानंतरची वर्षं ती. मुरबाडला रेल्वे नाही, पण कारखाने आले होते, आणि मोठ्या कारखान्यांच्या मागे आमच्या शेठच्या शेडसारख्या बारक्या शेडही उभ्या राहत होत्या. आम्ही आठ बायका तिथं कामाला होतो. सगळ्या आसपासच्या गावांतल्या, भाताची झोडणी उरकली की हाताला काम शोधणाऱ्या. माझं गाव मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्याच्या आत. सकाळी चुलीवरचं आवरून रस्त्यावर यायचं आणि येईल त्या जीपला लोंबकळायचं. माझं तोंड फटकळ आहे हे पहिल्या आठवड्यातच सगळ्या शेडला कळलं, तेव्हा इथंही सांगून टाकलेलं बरं.

शेठ आमच्याकडून करंट ट्रान्सफॉर्मर बनवून घ्यायचा. नाव एवढं मोठं, वस्तू मात्र साधी. लोखंडाच्या पातळ पट्टीची घट्ट गुंडाळी, मधे भोक, बाहेरून कापडी पट्टी. आम्ही बायका तिला कडी म्हणायचो. त्या कडीवर तांब्याची केसाएवढी बारीक तार गुंडाळायची. तार आधी एका लाकडी फळीवर भरून घ्यायची, ती फळी भोकातून आत घालायची, बाहेरून वर घ्यायची, खेचायची, की झाला एक वेढा. परत आत, परत बाहेर. मोठ्या कडीला सहाशे वेढे. शंभर झाले की फरशीवर खडूची एक रेघ ओढायची. सहा रेघा झाल्या की कडी बाजूला ठेवायची आणि मान मोडायची. ह्या कडीचं पुढं होतं काय, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या शेजारी बसणारी म्हणायची, टीव्हीत घालत असतील. मी म्हणायची, एवढी जाड कडी टीव्हीत घातली तर चित्र कुठून दिसणार.

टेस्टिंगला कल्याणहून एसटीने येणारे एक वयस्कर गृहस्थ होते. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, कारण चूक सापडली की ते ओरडायचे नाहीत, आधी चष्मा काढून पुसायचे. एका दुपारी ते माझ्या चार कड्या घेऊन आले आणि चष्मा पुसू लागले. चारही कड्यांत सहा वेढे जास्त निघाले होते. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मी एकेक वेढा मोजून घातलाय, तुमचं मशीन तपासून घ्या. बाकीच्या बायकांचे हात थांबले. शेठला कळलं असतं तर मला त्याच जीपने परत पाठवलं असतं.

मास्तर चिडले नाहीत. म्हणाले, बाकीच्यांची चूक कधी दोनने कमी असते, कधी चारने जास्त. तुझी दर वेळी सहानेच जास्त. एवढी इमानदार चूक मी आयुष्यात पाहिली नाही, मला ती होताना बघायचीय. आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. मी फणकाऱ्यानेच तार घेतली आणि मोठ्याने मोजायला लागले. लाभ, एक, दोन, तीन. त्यांनी हात वर केला.

भात मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण लाभ झाला की पुढं दोन म्हणायचं. आमच्या घरी वेगळंच होतं. माझा बाप लाभाची पायली देवाची म्हणून वेगळ्या टोपलीत ओतायचा आणि मग एकपासून घरची मोजायला घ्यायचा. लहानपणापासून माझ्या कानाला तेच वळण. प्रत्येक नव्या शंभरीला मी आधी देवाचा एक वेढा घालत होते आणि मला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. सहा शंभऱ्या, देवाचे सहा वेढे. सगळी शेड पोट धरधरून हसली. पुढं कित्येक दिवस डबा उघडला की कुणीतरी म्हणायचं, आधी देवाचा घास काढ गो.

मी गाल फुगवून बसले. मास्तरच मग म्हणाले की ही कडी करंट मोजायला जाणार असती तर भंगारात टाकावी लागली असती. पण ही राखण करायला आहे. राखणीला शंभरात एक वेढा इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही. तरी उद्यापासून नीट मोज. मी विचारलं, राखण कुणाची? त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाले, जेवण झालं की सगळ्याजणी टेबलापाशी या.

त्या दुपारी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर जसंच्या तसं आहे. टेबलाखाली एक मोटर होती, थ्री फेजची. तिच्या तीन तारा, लाल, पिवळी आणि निळी, त्यांनी माझ्याच एका कडीच्या भोकातून ओवून घेतल्या. तारा कडीला चिकटल्यासुद्धा नव्हत्या, बांगडीतून हात जावा तशा मोकळ्या गेल्या होत्या. कडीच्या दोन टोकांना काट्याचं मीटर लावलं. मोटर सुरू केली. ती घूं करून फिरायला लागली आणि काटा शून्यावर. मग त्यांनी पट्ट्यावर लाकूड दाबलं, मोटर कण्हायला लागली, दिवे मंद झाले. काटा शून्यावर. तिसऱ्यांदा त्यांनी एक फ्यूजच उपटून काढला. मोटर रेड्यासारखी गुरगुरली, आम्ही बायका मागं सरकलो, आणि काटा जागचा हलला नाही. मी म्हटलं, मास्तर, ही कडी मेलेली आहे.

ते म्हणाले, ती जिवंत आहे, तिला बोलायला काही कारण मिळालेलं नाही. मग फ्यूज परत लावत त्यांनी सांगितलं. ह्या तीन तारांतून वीज सारखी जाते आणि येते. एकीतून जेवढी जाते तेवढी त्याच क्षणी उरलेल्या दोघींतून परत येते. कमी काम असो, जास्त काम असो, एक तार तुटलेली असो, गेलेलं सगळं परत आलं की बेरीज शून्य. कडीला फक्त ही बेरीज कळते. किती गेलं त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. न परतलेलं तेवढं तिला कळतं.

मग त्यांनी एक झिरोचा बल्ब घेतला. आपण देवापाशी लावतो तो, लाल. त्याची एक तार मोटरच्या पेटीत एका फेजला जोडली आणि दुसरी दाराबाहेर जमिनीत ठोकलेल्या लोखंडी कांबीला. एवढ्या मोठ्या मोटरसमोर तो बल्ब म्हणजे काय, किस झाडकी पत्ती. त्यांनी बटण दाबलं. बल्ब नुसता पेटायला लागला, लाल व्हायच्या आतच काटा उडाला, कडीला जोडलेल्या बाजूच्या डब्यात टक झालं आणि मोटर बंद. पत्र्यावर चिमणी नाचत होती तिची नखं ऐकू येत होती.

गोठ्यात गुरं परतली की आम्ही ती कधी मोजत नाही, पण एखादं मागं राहिलं तर दारातच जाणवतं. तसंच हे होतं. न डोळे, न कान, तारेला हातसुद्धा लावलेला नाही, आणि एवढ्या धो धो वाहणाऱ्या विजेतून एका लाल बल्बाएवढी वीज वाट चुकून मातीत गेली तर हिला कळलं. आणि ती मी गुंडाळली होती. देवाच्या सहा वेढ्यांसकट. मी त्या वस्तूला खरोखर हात जोडले, आणि ह्या खेपेला कुणी हसलं नाही.

मास्तर म्हणाले, बल्बाच्या जागी माणूस असला तरी तिला तेवढंच कळतं. त्याच क्षणी मला आमची विहीर दिसली.

कारण आमचे हे गावच्या नळपाण्याचा पंप चालवायचे. आमचा पंप विहिरीच्या आत, अर्ध्या खोलीवर, दगडी कट्ट्यावर बसवलेला होता. स्टार्टर वरच्या खोलीत. लोखंडी शिडीने खाली जाऊन आधी पंपात पाणी भरायचं, वर येऊन बटण दाबायचं आणि मोटर फिरायला लागली की परत खाली उतरून व्हॉल्व्ह उघडायचा. रोज पहाटेचं काम, तेही अनवाणी, कारण ओल्या शिडीवर चप्पल घसरते. खाली सगळं पाणीच पाणी. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या पाड्यावर एका बाप्याला शेतपंपाने असंच शॉक देऊन ओढून घेतलं होतं. त्याच्या बायकोला मी दर बाजाराला बघायची, आणि घरी येऊन ह्यांना म्हणायची, जपून. हे म्हणायचे, वीस वर्षं उतरतोय, विहीर मला ओळखते. मला तेव्हा जपून म्हणण्यापलीकडं काही माहीतच नव्हतं. त्या दुपारी माहीत झालं.

मी दुसऱ्या दिवशी शेठसमोर उभी राहिले आणि माझ्या त्या चार चुकलेल्या कड्यांतली एक मागितली. शेठ म्हणाला, चूक करायची आणि वर बक्षीस मागायचं, कमाल आहे बाई तुझी. पण दिली. मास्तरांनी टेस्टिंगला वापरून जुना झालेला एक रिले दिला, म्हणजे तो टक करून लाइन तोडणारा डबा. सुटीच्या दिवशी ते स्वतः जीपने आमच्या गावी आले आणि सरपंचांना विचारून कडी बसवली. तिन्ही तारा कडीच्या आतून घेतल्या, अर्थिंगची तार बाहेरून. ती आतून गेली तर कडी फसते, म्हणाले, चोरून गेलेलं मागच्या दाराने परत येतं आणि हिला वाटतं सगळं ठीक. मी नारळ फोडला. हे बाजूला उभे राहून गालात हसत होते. बायकोने स्टार्टरला बांगडी भरली, असं गावभर सांगत सुटले.

दीड वर्ष ती कडी काही बोलली नाही. पावसाळा गेला, होळी गेली, परत पावसाळा गेला. लोक विसरूनही गेले. मी मात्र पाणी भरायला गेले की खोलीत डोकावून बघायची. तिन्ही तारा तिच्यातून गेलेल्या, विहिरीत मोटर फिरतेय, टाकी भरतेय, आणि ही गप्प. मला तिच्या त्या गप्प राहण्याचंच नवल वाटायचं. मला पाच मिनिटं गप्प बसवत नाही.

मग एका थंडीत ती बोलायला लागली. सकाळी ह्यांनी बटण दाबलं, मोटर जेमतेम फिरली आणि टक. परत दाबलं, परत टक. ऊन चढल्यावर दाबलं तर मोटर मजेत चालली. दुसऱ्या सकाळी तेच. तिसऱ्या सकाळी तेच. नळाला पाणी नाही म्हणून बायका हंडे घेऊन पंपाच्या खोलीपाशी जमल्या, बापे कामाला जायचे थांबले. ज्यांना शहापूरकडे जाऊन लोकल पकडायची ते आंघोळीवाचून गेले आणि जाताना ह्यांच्या नावाने बोटं मोडून गेले. सगळ्यांचं म्हणणं एकच. दुपारी चालते म्हणजे मोटर चांगली आहे, कडीच खुळी. आणि मीच कधीतरी हसत हसत जे सांगितलं होतं, ते आता माझ्याच अंगावर आलं. ती कडी चुकलेलीच आहे, भंगारातली, जिला मोजता येत नाही तिने गुंडाळलेली.

खरं सांगते, मलाही शंका आली. रात्रभर मनात सहा वेढे फिरत राहिले. शंभरात एकाने काही बिघडत नाही असं मास्तर म्हणाले होते, पण मास्तर तरी माणूसच. माझ्या एका खुळ्या सवयीपायी अख्खं गाव कोरडं बसलंय की काय, असं वाटायला लागलं.

चौथ्या सकाळी सरपंचांनी सांगून टाकलं, काढा ती बांगडी आणि तारा सरळ जोडा. ह्यांच्याही डोक्यावरून पाणी गेलं होतं. वीस वर्षांत ह्यांना कुणी असं बोललं नव्हतं. हे पक्कड घेऊन खोलीत शिरले आणि मी धावत जाऊन स्टार्टरच्या फळीला पाठ लावून उभी राहिले. दारात पन्नास माणसं. हे हळूच म्हणाले, बाजूला हो, शोभा होतेय. मी पाठ आणखी घट्ट टेकवली.

"शोभा होऊ द्या," मी म्हटलं. "सकाळी हिला काहीतरी कळतंय, ते आपल्याला कळत नाय. मास्तर येऊन बघू द्या. ते म्हणाले काढा, तर मी माझ्या हाताने काढीन. तवर तुमी त्या शिडीवर पाय ठेवायचा नाय."

बाहेर कुणी शिट्टी वाजवली. कुणी म्हणालं, ह्यांच्या घरात पाणी कोण सोडतं ते आज समजलं. ह्यांनी पक्कड खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. माझा दीर एसटीडी बूथवर जाऊन शेडमध्ये फोन करून आला. त्या दिवशी मी जुन्या विहिरीवरून म्हाताऱ्यांच्या घरी हंडे वाहिले, आणि प्रत्येक उंबऱ्यावर दोन शब्द ऐकून घेतले. मी उलट बोलले नाही. एवढी गप्प मी जन्मात कधी बसले नव्हते.

मास्तर दुसऱ्या सकाळी पहिल्या एसटीने मुरबाडला आणि तिथून जीपने आले. सोबत मेगर होता, हँडल फिरवायचा डबा, तारेच्या अंगावरचं आवरण शाबूत आहे का ते सांगणारा. त्यांनी आधी मेन खाली पाडला. मग खाली जाणारी केबल सोडवली आणि मेन तेवढ्यापुरता चालू करून माझ्या कडीला बल्ब लावून तपासलं. मी देवाला हाक मारत उभी. कडी बरोबर होती. मग मेन परत पाडला आणि खाली उतरून मोटर सुटी करून तपासली, ती बरोबर होती. मग वरून खाली जाणारी केबल राहिली. त्यांनी हँडल फिरवलं, काटा पार शून्याला जाऊन पडला, म्हणजे आवरण फाटलेलं, आणि त्यांनी चष्मा काढला. मला लगेच कळलं.

ते बॅटरी घेऊन केबल बघत बघत परत शिडीने उतरायला लागले, मागून हे, आणि काठावर ओणवी मी. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, त्याची वाफ वर येऊन शिडी, केबल, दगड सगळं सकाळी घामेजलेलं. ऊन आलं की सुकतं. पाचव्या पायरीपाशी मास्तर थांबले. तिथं केबल शिडीच्या उभ्या पट्टीला बांधलेली होती. मोटरच्या थरथरीने घासून घासून तिची सालं निघाली होती आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं, ओल आली की वीज त्यातून शिडीत उतरायची. सगळी शिडी गंजलेली, लालभडक. फक्त तेवढाच वीतभर तुकडा चांदीसारखा चकचकत होता. मास्तरांनी विचारलं, इथं गंज का नाही?

ह्यांनी उजवा हात उचलला आणि त्या चकचकीत जागेवर ठेवला. बरोबर बसला. रोज सकाळी मोटर चालू करून उतरताना, वळण घ्यायला, वीस वर्षं ह्यांचा हात तिथंच पडत होता.

"कडी लाइन पाडायला लागली त्याच्या आधी चार दिस," हे खालूनच म्हणाले, "इथं हात ठेवला की मुंग्या यायच्या. मला वाटलं थंडीनं."

सरपंचांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आणि हे वर आले तशी मी त्यांना सगळ्या गावासमोर तोंडाला येईल ते बोलले. मुंग्या आल्या तर घरी सांगायला काय जीभ झडली होती, मी काय शेजारीण आहे, विहीर ओळखते म्हणे, विहीर काय माझ्या पोरांना वाढवणार होती. बोलता बोलता माझा आवाजच संपला. हे मान खाली घालून उभे होते. आमच्याकडे चारचौघांत नवऱ्याचा हात धरत नाहीत. मी त्यांचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. तो गरम होता. मी तो तसाच धरून भर गावातून, सगळ्यांच्या देखत, घरापर्यंत चालत गेले आणि त्यांनीही तो सोडवून घेतला नाही.